बंबवालीची टाकी

प्रसूतिगृहात लाकूड न जाळता पाणी तापवण्याची योजना माझी होती, असं आमच्या गावात अजून सांगतात. नगरपालिकेने त्यासाठी मला शाल-श्रीफळही दिलं. ते चुकलं होतं. कुठे चुकलं, ते माझ्याइतकं नेमकं कुणाला सांगता येणार नाही.

नव्वदीनंतरची ती वर्षं. रस्त्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते आणि पालिकेलाही काहीतरी नवं करून दाखवायची हौस आली होती. मी पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर. पालिका जिथे जिथे लाकूड जाळून पाणी तापवते, त्या जागांची यादी मी केली : प्रसूतिगृह, दवाखाना, धर्मशाळा. एकेका छतावर सौर बंब बसवायचा असं ठरलं. पहिला नंबर प्रसूतिगृहाचा, कारण बाभळीच्या लाकडांचा धूर तिथे थेट बाळंतिणींच्या खाटांपर्यंत जायचा.

मी छत मोजत होतो तेव्हा बंब पेटवणारी मावशी वर आली. रोजंदारीवरची बाई, डोळे धुराने कायम लाल.

"साहेब, नळ कवा येतो?"

"पहाटे पाचला. एवढंही ठाऊक नाही?"

"मला ठाव हाय. तुमाला हाय का ते बघितलं." मग तिने समजावून सांगितलं. "सांजच्याला धुन्याला निम्मी टाकी उपसनार. पहाटं नळाचं गार पाणी तिच्यातच शिरनार. आन् आंघोळी तवाच. गार पाण्याची टाकी येगळी ठिवा, मधी पान्याची चावी बसवा. आंघोळी झाल्याबिगर चावी सोडायची न्हाई."

"मावशी, ओव्हरसियर तुम्हीच व्हा आता," म्हणून मी हसलो. नळाचं वेळापत्रक माझ्याच हातचं होतं. तिचं बरोबर आहे हे मला जिना उतरतानाच कळलं. पण एकाच टाकीची टिपणी मंजूर झाली होती, आणि बंबवालीच्या सांगण्यावरून नकाशा बदलला असं सभेत सांगणं माझ्या जिवावर आलं. टाकी एकच बसली.

उद्घाटनानंतर तिसऱ्याच दिवशी पाणी गार आलं. बाळंतिणींच्या घरच्यांनी आरडाओरडा केला. नगराध्यक्ष आले आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "कावून गार आलं?"

मी म्हणालो, "बंबवालीने नळ सोडून ठेवला असेल. काम जाईल अशी भीती आहे तिला."

ती समोरच उभी होती. "मी न्हाई सोडला."

"मग काय सूर्यानं खाली उतरून सोडला?" एक नगरसेवक म्हणाले, आणि व्हरांडा हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांत मी वेगळी टाकी आणि चावी बसवली. पाणी ऊन येऊ लागलं. त्याच नकाशाने दवाखाना झाला, धर्मशाळा झाली. शेजारच्या पालिकांची माणसं बघून गेली. नकाशा पक्का होता, आजही कुणासमोर ठेवायला मी कचरणार नाही. फक्त त्याखाली सही चुकीच्या माणसाची आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. पाली गावाच्या अलीकडे लेकाकडे राहते. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"हे मला कावून सांगताव? मला तवाच ठाव होतं. मीच नळ सोडला न्हवता, तर मला ठाव नसंल का?"

तिने सोललेले दाणे सुपात टाकले.

"सुनंला सांगा. आजबी भांडान झालं की म्हनती, सासूनं सरकारी नळ सोडला, म्हनून हाकलली. शेजारपाजाऱ्यांनाबी तेच ठाव हाय."

तिने सुनेला हाक मारली. सून बाहेर आली, मला बघून चहा ठेवायला वळली.

"चहा मागून," म्हातारी म्हणाली. "आधी ऐक. आन् साहेब, जरा मोठ्यानं. पलीकडच्या घरात ऐकू गेलं पायजे."

मी उभा राहिलो आणि व्हरांड्यातलं ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं, मग ते खोटं होतं असं म्हटलं, आणि दुसरी टाकी कुणाची तेही. शेजारची बाई दारात आली. तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.