दगडाला तेल घातलं

राग अजून गेला नाही, म्हणून सांगते. माझ्या दगडाला माझ्याच लेकानं तेल घातलं. शेंदूर फासला, वर बापाचा फोटो टांगला आणि कुकटपल्लीतल्या नव्या दुकानात कोनाडा करून बसवला. खंडेनवमी होती. मी डोळे दाखवायला दवाखान्यात गेलेली. घरी येऊन बघते तर मोरीपाशी दगड नाही.

आम्ही न्हावी. मालकांचं, म्हणजे पोरांच्या बापाचं, दुकान अफझलगंजला होतं. त्यांचं एक गिऱ्हाईक, कापडाचा व्यापारी, जपानला जाऊन आला, त्यानं उस्तऱ्याला धार लावायचा हा दगड आणून दिला. पिवळसर, तिथल्या डोंगरातनं काढलेला, हात फिरवला तर वाटायचं रेशीम आहे. सोबत त्याचं पिल्लू, बारका तुकडा. मालक दिवसभर उभे राहून यायचे, उस्तरे घासायला बसले की तिथंच डुलकी. एकदा म्हणाले, "तूच बघ गं." तेव्हापास्नं मीच बघितलं. दगडावर चार थेंब पाणी टाकायचं, पिल्लू फिरवून दुधासारखा गाळ काढायचा, मग उस्तरा पाठीसकट सपाट ठेवून हलक्या हातानं ओढायचा. जोर लावला की धार गेली. पोर पाळण्यात, डाळ चुलीवर, नळ यायची वेळ, तरी उस्तरे तयार पाहिजेत. अंगात ताप असताना घासले. मालक गेले, दिवस झाले, आणि मी दुसऱ्या दुकानांचे उस्तरे मागून आणून घासायला बसले. त्यावर पोरं वाढली. रडत बसायला सवड कुठं होती?

आणि नवमीला काय? हत्यारांची पूजा बाप्यांनी करायची, बाईनं त्या दिवशी उस्तऱ्याला शिवायचं नाही. वर्षभर शिवलेलं चालतं. गाळानं बोटं सोललेली चालतात. उस्तऱ्याला हळदीकुंकू वाहायला तेवढी मी चालत नाही!

आता सगळीकडे ब्लेड आलं. पण पुण्याचे एक साहेब आहेत, इथं कंप्युटरच्या नोकरीला, घरी स्वतःच्या उस्तऱ्यानं दाढी करतात. लेकाच्या दुकानावरनं त्यांचा उस्तरा माझ्याकडं येतो. त्या दिवशी तो उस्तरा घासायला घरात आलेला, आणि दगड गायब.

सुनेला विचारलं, "माझा दगड कुठाय?"

"आत्याबाई, ते दुकानात घेऊन गेलेत. बघा ना, किती मस्त मांडलाय." तिनं फोनवर दाखवला. शेंदरानं लालभडक. तेल खाली ओघळलेलं.

तशीच बस धरून गेले. लेक पूजा उरकून एकाची दाढी करत होता.

"माय, तू कशाला आलीस? सांगितलं असतंस तर मी आलो असतो."

"हे काय केलंस?"

"पप्पांची निशाणी आहे ती. गिऱ्हाईकं फोटो काढतायत."

"पप्पांची? पप्पांना कधी घासताना बघितलंस तू?"

त्यानं ब्लेड पुसलं. मग हळूच म्हणतो, "आता तू आराम कर ना. लोक मला बोलतात, आईला कामाला लावतो म्हणून."

"लोकांना म्हणावं मला येऊन बोला."

मी स्टूल ओढलं, चढले, दगड उचलला. खुर्चीतला तोंडाला फेस लावलेला माणूस ओरडला, "अम्मा, पूजा करे सो पत्थर है, नक्को उठाओ!"

"तू मान हलवू नको बाबा, ब्लेड लागंल."

घरी आणून साबणानं धुतला. पाणी टाकलं तर थेंब गोल होऊन घरंगळला. उस्तरा टेकवला तर काचेवरनं सरकावा तसा सरकला. तेल प्यायला होता. पाण्याचा दगड तो, त्याला तेल म्हणजे विष. मग मोरीतल्या शहाबादी फरशीवर चाळलेली वाळू टाकली आणि दगड उपडा करून घासत बसले. जेवढा घासावा तेवढा झिजतो. असा दगड मी परत कुठनं आणू?

रात्री लेक आला, दारात उभा राहिला. "माय, देव घासतेस?"

"तेल घालून आंधळा केलास त्याला, आणि आता देव? मला एका शब्दानं विचारलं असतंस तर तोंड झिजलं असतं का तुझं?"

सून म्हणाली, "आत्याबाई, त्यांना काय ठाऊक?"

"ठाऊक कसं नाही? याच मोरीपाशी रांगला तो!"

वरचा थर गेला. एक कोपरा तांबूस राहिला तो राहिलाच, तिथं मी उस्तरा नेत नाही. वाळूचा कण राहिला तर धारेला दात पडतात, म्हणून दगड परत परत धुतला. पिल्लू फिरवलं. गाळ आला. साहेबांचा उस्तरा टेकवला तर आता सरकला नाही, दगडानं धरला; ओढताना हाताला कळलं. घासून झाल्यावर मनगटावरच्या केसांना पातं नुसतं टेकवलं, तर केस उडाले.

उस्तरा फडक्यात गुंडाळला आणि लेकाच्या हातात दिला.

"उद्या साहेबांना दे. कुणी घासला विचारलं तर नीट सांग."

"काय सांगू?"

"आई म्हण. पप्पा म्हणालास तर मी येते दुकानात."