बाबामियाँचे दात

निजामाच्या अमदानीत बाबामियाँ लोहारा गावच्या कचेरीत शिपाई होते. पुढं निजाम गेला, नोकरी गेली, पाठोपाठ एकेक करत दातही गेले. तोरा तेवढा जागचा हलला नाही. "बोकड कितीबी जून असू द्या, आमी नळीसुद्धा दातानं फोडतो," असं ते पारावर सगळ्यांना ऐकवायचे.

खरं तर हे नळ्या फोडणं चालायचं सुनेच्या जिवावर. हुसेनबी परसातली कच्ची पपई चिरायची, आतल्या पांढऱ्या बिया चिकासकट खरवडायची, सावलीत वाळवायची आणि मीठ घालून कुटायची. शेरभर मटणाला चिमूटभर भुकटी चोळली, की मटण लोण्यासारखं मऊ. सासऱ्यांना ती यातलं अवाक्षर बोलली नाही. बाबामियाँना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनीही कधी विचारलं नाही. विचारलं म्हणजे दातांचा विषय निघणार!

एकसष्ट साली फकरुद्दीनमियाँच्या मुलीचं लग्न निघालं. मटणाची देग, म्हणजे मोठा हंडा, चढवायचं काम बाबामियाँच्या पुतण्याला, गफारला मिळालं. त्याचं हे पहिलंच काम. बाबामियाँनी बोकड पाहिले. चांगले जून होते, आणि पारावरची सगळी मंडळी पंक्तीला शेजारी बसणार होती. त्यांनी गुपचूप सुनेच्या बरणीतून पुडी बांधून आणली आणि गफारची पाठ वळताच मटणावर सगळीच्या सगळी रिकामी केली. चिमटीचं माप सुनेला माहीत, शिपायाला काय कळणार?

पहिली पंक्त म्हाताऱ्यांची. वाढायला घेतलं तर हाडं वेगळी नि मटणाचा नुसता लगदा! फकरुद्दीनमियाँ भडकले.

"गफार, हे काय केलंस? आता लोहाऱ्यात तुला देगीला हात कोण लावू देतंय तेच बघतो!"

गफारच्या डोळ्यांत पाणी आलं. गप्प बसले असते तर बाबामियाँचा तोरा शाबूत राहिला असता. पण पोराचं तोंड त्यांना बघवेना. ते ताटावरून उठले.

"पोराची चूक न्हाय. पपईच्या बियांची भुकटी म्या टाकली. माझ्या तोंडात एकबी दात न्हाय." आणि त्यांनी भर मांडवात आ करून दाखवला.

कुणीच हसलं नाही. पारावरचे जुने दोस्त बलभीमराव बोटं चाटत म्हणाले, "गफार, वाढ रं अजून." मग बाबामियाँकडं वळून म्हणाले, "आमचं तरी कुठं ऱ्हायल्यात? चार वर्सं झाली, लग्नाकार्यात नुसता रस्सा पिऊन उठतो. आधी सांगायचं न्हाय व्हय, गड्या?"

दात नसल्याची कधी वाटली नव्हती एवढी लाज बाबामियाँना आता भुकटी दोस्तांपासून लपवल्याची वाटली.