चिमूटभर हळद

हरसिंग गेल्याची बातमी मला मारेगावच्या एसटीच्या कंडक्टरने दिली. दुपारची वेळ होती. मी ओसरीत तांदूळ पाखडत बसले होते. त्याने दारातच टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, तुमचा जुना डायवर वारला. तांड्यावरून निरोप आहे. परवा सकाळी छातीत कळ आली अन् बसल्या जागी गेला." पाणी विचारलं तर नको म्हणाला, त्याची गाडी सुटायची होती. मी सूप हातात घेऊन तशीच उभी राहिले. मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं, हे लिहिताना मला लाज वाटते. पहिल्यांदा आलं ते असं, की आता माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

हरसिंग आमच्याकडे आला तेव्हा नुकतं छप्पन्न साल लागलं होतं. डॉक्टरांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, यवतमाळात दवाखाना होता आणि सासऱ्यांच्या मागे राहिलेली एक विलायती मोटार होती. लढाईच्या आधीची, काळी, तापट. आम्ही घरात तिला आत्याबाई म्हणत असू, कारण मनाविरुद्ध काही झालं की ती फुरफुरत वाटेतच बसायची. तिला सांभाळणारा माणूस मिळेना. शेवटी मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचा हा उंच, सावळा, कमी बोलणारा गडी आला. कापसाच्या जिनिंगच्या ट्रकवर काम शिकलेला. "आमचा आजा बैलाच्या पाठीवर मीठ वाहे, आता मी डॉक्टर वाहतो," एवढी एकच थट्टा त्याला येत होती आणि ती तो नव्या माणसापुढे हमखास करायचा. त्याची एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत भरली. गाडी कुठूनही आली की तो बॉनेट उघडून रेडिएटरवर हाताची उलटी बाजू वरून खाली हळूहळू फिरवायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. मी एकदा कारण विचारलं. "इंजिनातलं गरम पाणी याच्यात वरून येते अन् निवत निवत खाली उतरते. हाताले समजते बाईसाहेब, पानी चालून राह्यलं का थांबलं ते."

अशाच एका बोलण्यात त्याने मला हळदीचं सांगितलं होतं. रेडिएटर थोडासा पाझरत असला आणि भोक झाळून बुजवायला माणूस जवळ नसला, तर ट्रकवाले पाण्यात चिमूटभर हळद टाकतात. ती जाऊन बारीक भोकाशी बसते आणि गळती थांबते. मी ते ऐकलं आणि ध्यानात ठेवलं. चिमूट हा शब्द तेवढा ठेवला नाही. माझ्या हाताला चिमूट कधी ठाऊकच नव्हती. मीठ असो, तिखट असो, उपदेश असो, मी सढळ हातानेच घालणारी.

तो येऊन तीन वर्षं होत आली, त्या हिवाळ्यात हरसिंगची बायको जमनी पहिलटकरीण होती, म्हणून तो सुट्टी घेऊन तांड्यावर गेला होता. इकडे आत्याबाई पाझरू लागल्या. रोज सकाळी फरशीवर थारोळं. डॉक्टर आधीच चिडके, त्यात रोज व्हिजिटला जाण्यापूर्वी पाणी भरायचं, म्हणून त्यांची चिडचिड माझ्यावर निघायची. आणि गाडीला कुणी हात लावायचा नाही हा त्यांचा दंडक होता, तो तर मला विशेष बजावून सांगितलेला. एक दिवस ते दवाखान्यात गेलेले पाहून मी वाटीभर हळद कालवली आणि रेडिएटरच्या तोंडात ओतली. वाटीभर! दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठणठणीत. "बघ, आपोआप थांबली," डॉक्टर म्हणाले. मी गालात हसले आणि गप्प राहिले. त्यानंतर ते दोनदा गावातल्या गावात तिला घेऊन गेले, तेव्हा तिने काही कुरकूर केली नाही.

तीन-चार दिवसांनी निरोप आला. जमनीला दोन दिवसांपासून कळा येत होत्या, मूल आडवं होतं, सुईणीने हात टेकले होते. डॉक्टर स्वतः गाडी घेऊन निघाले. तांड्यावरच्या बाया पुरुषाला जवळ येऊ देणार नाहीत म्हणून मला बरोबर घेतलं. सकाळची थंडी होती, वाटेत गाडी गरम झाली तरी आम्हाला जाणवलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन हरसिंगला एवढंच म्हणाले, "ऑपरेशन लागेल. यवतमाळला नेलं पाहिजे, आत्ता. संध्याकाळ झाली तर मी काही सांगू शकत नाही." मागच्या सीटवर जमनीला निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. हरसिंगने चाक हातात घेतलं. अकरा वाजले असतील.

करंजीच्या अलीकडे चढ लागला आणि इंजिनाच्या पाण्याचा ताप दाखवणारा काटा लाल खुणेकडे जाऊ लागला. हरसिंगने वेग कमी केला. काटा थांबेना. मग बॉनेटखालून फसफस आवाज आला, जादा पाण्याच्या नळीतून उकळतं पाणी भळाभळा रस्त्यावर पडू लागलं आणि काचेवर वाफ आली. त्याने गाडी बाभळीखाली घेतली. डॉक्टर खाली उतरून टोपण उघडायला धावले तसा तो ओरडला, "हात नका लावू साहेब, सोलून निघाल!" तेवढ्या तीन वर्षांत त्याने डॉक्टरांवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दहा मिनिटं थांबणं भाग होतं. जमनीने माझं मनगट धरलं होतं, कळ आली की तिची नखं रुतायची. शेवटी हरसिंगने ओल्या पोत्याने टोपण सैल केलं, वाफ सोडली, इंजिन सुरू ठेवून बरोबर घेतलेल्या घागरीतलं पाणी थोडं थोडं ओतलं. रेडिएटर तुडुंब भरला. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याने इंजिनाचा वेग जरा वाढवला, तर ओतलेलं पाणी तोंडातून उसळून परत बाहेर! ते पोत्यावर पडलं. मी खिडकीतून पाहत होते. पोत्यावर पिवळे डाग होते.

त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मी बोलले नाही.

का बोलले नाही, याचं उत्तर मी अकरा वर्षं शोधते आहे. समोर डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभे होते. मांडीवर बाई तळमळत होती. मला वाटलं, हळदीमुळेच असेल कशावरून? दुसरंही काही असेल. देवा, दुसरं काही असू दे... हरसिंग एकेक गोष्ट पारखत होता. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. तोंडात वाकून पाहिलं, बुडबुडे येतात का. "हेडचं पॅकिंग फुटलं असतं तं बुडबुडे आले असते. नाही येऊन राह्यले." पाण्याचा पंप पाहिला. प्रत्येक गोष्टीला पाच-दहा मिनिटं जात होती आणि ती मिनिटं माझ्या मांडीवरून जात होती. जमनीचा आवाज बारीक होत चालला होता. मी एक शब्द बोलले असते तर ती सगळी वाचली असती. मी तिच्या कपाळाचा घाम पुसत राहिले.

अखेर त्याने हाताची उलटी बाजू रेडिएटरवर ठेवली. वरून खाली आणली. मध्यावर थांबला. पुन्हा वर नेली. "वरून आग आहे, खालून गार. पानी उतरूनच नाही राह्यलं. आत नळ्या बुजल्या." त्याने खालची रबरी नळी सोडवली. धो धो पाणी यायला हवं होतं, तिथे करंगळीएवढी धार आली आणि तिच्यामागून पिवळा गाळ. तो त्याने तळहातावर घेतला, हुंगला आणि मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं, तेव्हा त्याला रागवायलाही सवड नव्हती.

"काय आहे ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"हळद आहे साहेब. म्याच टाकलती, सुट्टीवर जाच्या आंधी. जास्त झाली."

डॉक्टर त्याच्यावर असे तुटून पडले की ते शब्द मी इथे लिहीत नाही. गाडी पाझरायला लागली ती तो सुट्टीवर गेल्यानंतर, हे रागाच्या भरात त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "अरे, आत तुझीच बायको आहे!" असं शेवटी म्हणाले. "हो साहेब," हरसिंग म्हणाला आणि पाना घेऊन बसला. मागे जमनीने ते सगळं ऐकलं होतं. दोन कळांच्या मध्ये तिने मान उचलली आणि म्हणाली, "मले मारतं काय रे तू, तुह्या हळदीनं?" तो बोल्ट सोडवत राहिला.

रस्त्याला लागूनच एक मळा होता आणि विहिरीवर मोट चालू होती. हरसिंग रेडिएटर खांद्यावर टाकून धावत गेला. मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याला दोन शब्दांत काय सांगितलं कोण जाणे, त्याने बैल थांबवले नाहीत, उलट जोराने हाकले. हरसिंगने रेडिएटर उलटा धरला, खालचं तोंड वर, आणि मोट रिकामी झाली की ते सगळं पाणी त्यात घेऊ लागला. नेहमी पाणी वरून खाली जातं, आता उलट्या वाटेने जाऊन गाळ ढकलेल, असा त्याचा हिशेब. पहिल्या मोटेला काही झालं नाही. दुसरीलाही नाही. तिसऱ्या मोटेला दुसऱ्या तोंडातून हळदीचा लोंढा आला आणि कांद्याच्या वाफ्यात पिवळी धार गेली. तो पाणी नितळ होईपर्यंत थांबला, मग तसाच भिजलेला धावत आला. आला तसा बोल्ट कसायला बसला.

चार वाजायच्या आत आम्ही यवतमाळात होतो. साडेपाचला मुलगी झाली. दोघी वाचल्या. "आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर..." डॉक्टर हात धूत म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून दिलं. तेवढा अर्धा तास तर माझ्याच गप्प राहण्याने गेला होता.

आठवड्याने मी हरसिंगला गाडीजवळ एकटा गाठला. म्हटलं, "तू का घेतलंस अंगावर? मी सांगते डॉक्टरांना." तो चाकाचे नट आवळत होता. "त्या टायमाले तुम्ही अन् साहेब भांडाले लागले असते, तं रेडिएटर कोनं खोललं असतं? म्या कबूल केलं, गोष्ट सरली." पुढच्या नटाला पाना लावत म्हणाला, "आता कायले उकरता? गाडी चांगली चालून राह्यली." मला तेवढंच हवं होतं. त्याच्या परवानगीमागे मी अकरा वर्षं लपून बसले.

गोष्ट मात्र सरली नव्हती. तांड्यावर त्याचं नावच हळद्या पडलं. जमनी येईल-जाईल त्याला सांगायची, माह्या नवऱ्यानं मले हळद पाजून मारलंच होतं. माझ्यादेखत सांगायची, मीही हसायची. तो खाली मान घालून बिडी ओढायचा. आणि दरवर्षी दसऱ्याला गाडी धुऊन पुसून झाली की पूजेच्या हळदीसाठी माझ्यापुढे तळहात पसरायचा. "चिमूटभर द्या बाईसाहेब." माझ्याकडे न पाहता. दुसरी एक थट्टा त्याला येत होती, ती एवढीच. छाती दुखू लागली तशी वर्षभरापूर्वी त्याने नोकरी सोडली, पण दसऱ्याला आला होता.

तेराव्यानंतर आम्ही दोघं तांड्यावर गेलो. डॉक्टर बाहेर बाजेवर बसले, मी जमनीजवळ. मुलगी आता अकरा वर्षांची, बापासारखीच उंच. जमनी रडून रडून कोरडी झाली होती. बोलता बोलता सवयीने तिच्या तोंडी तेच आलं, "या पोरीच्या टायमाले हळद्यानं मले..." आणि मी म्हटलं, "जमनी, ती हळद मी टाकली होती. त्याने नाही." बाहेर डॉक्टरांची बाज करकरली. मला वाटलं होतं ती ओरडेल, नाहीतर माझे हात धरून रडेल. तिने एवढंच विचारलं.

"त्याले ठाव होतं?"

"हो. त्याच दिवशी."

"मंग त्याले ठाव असून काय होतं बाई," ती म्हणाली. "मले सांगाचं होतं. मी त्याले अकरा वर्सं बोलली."

येताना डॉक्टरांनीच गाडी चालवली. करंजीजवळ, चढ संपल्यावर, त्यांनी गाडी थांबवली, उतरले, बॉनेट उघडलं आणि हाताची उलटी बाजू रेडिएटरवर वरून खाली फिरवली. तशी काही गरज नव्हती, काटा जागेवर होता.

परवा दसरा झाला. गाडी डॉक्टरांनी धुतली. हळदीचा डबा घेऊन मी बाहेर आले आणि पुढे कुणाचा तळहात नाही हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. मग बोटांनी नीट मोजून चिमूट घेतली. या वयात मला ती घेता आली.