साडूंच्या हातातलं पिस्तूल

माझ्या साडूंचं बावड्यात खतांचं दुकान होतं आणि माझं बारामतीत कापडाचं. एका दिवाळीला त्यांनी अंथुर्ण्याला, आमच्या सासुरवाडीला, खिशात मावेल एवढं छऱ्यांचं पिस्तूल आणलं. बांधावर रिकामे डबे मांडून ते नेम धरू लागले आणि सगळं घर त्यांच्याभोवती गोळा झालं. मी आणलेल्या साड्या पिशवीतच राहिल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढच्याच महिन्यात मी पुण्याहून तसलंच, पण स्वस्तातलं पिस्तूल आणलं. गच्चीवर रोज सराव केला, पण छर्रा जायचा तो डावीकडंच. तरी संक्रांतीला मी ते मुद्दाम अंथुर्ण्याला नेलं. सगळ्यांसमोर माझ्या हातून एकही डबा पडला नाही.

"पिस्तूलच हलकं हाय. पैसे वाया गेले," मी म्हणालो.

"बघू द्या की, पाव्हणं," म्हणत साडूंनी ते घेतलं. पहिला छर्रा कुठं जातोय ते पाहिलं, मग नेम जरा उजवीकडं धरला आणि डबा खणकन उडाला.

"खेळायला झ्याक हाय! उगं नावं ठेवू नका," ते हसत म्हणाले. त्या हसण्यात खोट नव्हती, तेच मला सोसेना. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी बायकोही होती.

पिस्तूल मी त्यांनाच देऊन टाकलं. संध्याकाळी मी आणि बायको रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होतो, तेव्हाही बांधाकडून डबे पडल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला ती मागं वळून पाहत होती.