छपराचा सांधा आणि मामाचा सढळ हात

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला काय येतं आणि काय येत नाही, हे कुणालाच नक्की माहीत नाही. मोबाईल अडकला, म्हशीच्या औषधाची चिठ्ठी आली, की मला फोन. मी रसायनशास्त्र शिकते आणि मामाच्या मते जगातली प्रत्येक पातळ वस्तू त्यात येते.

दसऱ्यानंतर मामाचा फोन आला. त्याची वाडी बिद्रीच्या पुढं, धरणाच्या पलीकडच्या काठाला. रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं मामाच्या फायबरच्या होडीतून ये-जा करतात. होडी माझ्याहून थोरली. तिचं छप्पर दोन तुकड्यांचं, आणि ते जिथं जोडलेत तो मधला सांधा लांबच्या लांब तडकलेला. मामानं त्यात कधी डांबर भरलं, कधी मेण. पाणी गळायचं ते बरोबर मधल्या फळीवर, मानाच्या जागी.

"रविवारी नेसरीचं पावणं येत्यात, तुझ्या बहिणीला बघायला," मामा ओरडला. "त्यांच्या म्हाताऱ्याच्या टोपीवर धार लागली म्हंजे सोयरीक बुडाली. तू ये."

"मामा, मी ह्ये कधी केलं न्हाय."

"फायबर सांधायच्या औषधाचा डबा आणलाय की. त्यावर समदं विंग्रजीत लिवलंय. वाच नुसतं."

शनिवारी सकाळी पोचले. मामेबहिणीनं मला बाजूला घेतलं. मुलाचा फोटो तिनं मोबाईलवर एवढा मोठा केला होता, की नुसता डावा कान दिसत होता. "नीट कर बाई," ती म्हणाली. "मला पसंत हाय."

मी बाह्या सरसावल्या आणि होडीकडं निघाले.

दुपारपर्यंत मी आणि मामानं जुनं डांबर खरवडलं, तडा पॉलिश पेपरनं घासला. फायबरमधल्या काचेची बारीक धूळ अंगात अशी शिरली, की आम्ही दोघं छपरावर बसून खराखरा खाजवत होतो. काठावरून मामी ओरडली, "माकडं बसल्यात का काय वर?"

मग मी डबा वाचला. शंभर भाग रेझिनला, म्हणजे डब्यातल्या त्या चिकट राळेला, दोनच भाग हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारं बाटलीतलं औषध. मापासाठी मी खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं होतं. प्लास्टिकच्या मगात ओतलेल्या अर्ध्या लिटर रेझिनला एक टोपण पुरणार होतं. मामानं त्या टोपणाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एवढंसं? हात आखडून काय घालतीस? पावणं यायचं हाईत!"

आमच्याकडं वाढणाऱ्याचा हात सढळ लागतो. समोरचा 'बास' म्हणाला, की आणखी दोन पळ्या घालायच्या. 'बास'वर खरोखर थांबला तो चिक्कू. मी 'बास' म्हणायला तोंड उघडलं, पण होडी मामाची, हात मामाचा, आणि मला तरी कुठं काय येत होतं? मी टोपण बाजूला ठेवलं. मामानं मग हातात घेतला आणि हार्डनरची बाटलीच त्यात तिरकी केली.

मामाच्या हातातला मग आधी कोमट झाला, नंतर गरम, आणि शेवटी त्यातून धूर निघायला लागला. मामानं तो फळीवर टेकवला आणि दोन पावलं मागं सरला. आत ब्रश खांबासारखा उभा राहिला तो राहिलाच.

"झालं की घट्ट!" मामा खूश.

"पण मगात, मामा."

डब्यात आता एकदा पुरेल एवढंच रेझिन उरलं होतं आणि नवीन आणायचं तर थेट कोल्हापूर. मी हात पुढं केला. "बाटली दे माझ्याकडं. मला येत न्हाय ह्ये खरं हाय. पण वाचता येतंय. दोन लिवलंय, तर दोनच."

मामानं मगाकडं बघितलं. बाटली दिली. आणि भरवसा नको म्हणून स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसला.

मी मोजून घातलं. काचेच्या धाग्यांच्या कापडाच्या पट्ट्या सांध्यावर अंथरल्या, नव्या ब्रशनं भिजवल्या, बुडबुडे दाबून काढले. तासाभरानं बोट लावलं, तर अजून चिकट. आपण कमी तर घातलं नाही ना? संध्याकाळपर्यंत मी वीस वेळा बोट लावलं. शेवटी ते टणक लागलं.

रविवारी होडी पाण्याच्या मधोमध असताना पाऊस आला. पाहुणे पाण्याकडं बघत होते. मी आणि मामा वर, सांध्याकडं. म्हातारबाबांनीही मान वर केली.

"वर काय हाय ओ?"

"काय न्हाय," मामा म्हणाला. आणि खरंच काही नव्हतं, एक थेंबसुद्धा.

जेवताना म्हातारबाबांनी ताटावर दोन्ही हात धरले. मामीनं बोटांच्या फटीतून रस्सा घातला. "ह्या घरची पोरगी नेली, तर आमची पोटं सुटणार!" ते हसत म्हणाले. स्वयंपाकघरात बहिणीनं मला इतक्या जोरात चिमटा काढला, की मी ओरडलेच.

मग मी जेवायला बसले, तशी मामी पळी घेऊन माझ्याकडं वळली.

"बास, मामी."

"थांब!" मामा मोठ्यानं म्हणाला. "ती बास म्हंती म्हंजे बास. मी बघितलंय."

"ते छपराचं," मामी म्हणाली. "हे ताट हाय." आणि तिनं आणखी दोन पळ्या घातल्या.