गढूळ सरांची भरलेली बॅग

गढूळ सर वर्गात यायचे ते हातात चिखलाची बादली घेऊनच; म्हणून तर आम्ही त्यांचं हे नाव ठेवलेलं. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवत. धानाच्या रोवणीच्या दिवसांत रस्त्यालगतच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल आणून तिरप्या ठेवलेल्या काचेच्या लांब टाकीत, निवळशंख पाण्यात, ते हळूच ओतत. चिखल पाण्यात मिसळत नसे. तळ धरून सरसर पळत सुटे. वरचं पाणी ढिम्म.

"पाहा! खोल समुद्रात गाळ असाच कोसो दूर जाते. वरच्या जहाजाले पत्ताही नाही!" सर ओरडत. ओरडल्याशिवाय त्यांना शिकवताच येत नसे. हे कशाला शिकायचं, असं कुणी विचारलं की आणखी भडकत. "आपल्या बांधीतली माती वैनगंगेनं निघते अन् समुद्राच्या तळाशी जाऊन निजते. आपलीच माती कुठं गेली, पाहाले नोको का?"

सरांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. अन् एके वर्षी त्यांना बोलावणं आलं. खोल समुद्रातला गाळ काढून तपासणाऱ्या जहाजावर महिनाभर जायचं होतं. सरांनी नवी बॅग घेतली, भरली, आम्हाला उघडून दाखवली.

पण त्याच महिन्यात संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. "भंडाऱ्याच्या माणसाले समुद्राचं काय काम? कार्यक्रमाचं संचालन कोण करन?" अध्यक्ष आमच्यादेखत म्हणाले. रजा नामंजूर. आणि आमच्यावर छप्पर उडेस्तोवर ओरडणारे सर म्हणाले, "जी, भाऊसाहेब." त्या अध्यक्षांचा मला आजही संताप येतो, आणि त्या 'जी'चाही तेवढाच. वाढदिवसाला सर माईक धरून हसत उभे होते. मला ते बघवलं नाही.

यंदा रोवणीआधीच सर गेले. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "सरांच्या समुद्रप्रेमाला संस्थेनं नेहमीच बळ दिलं."

माझं डोकंच फिरलं. मी उठून ओरडले, अगदी सरांसारखी, "खोटं आहे! एका केकासाठी तुम्ही त्यांचा समुद्र खाल्ला!" कुणीतरी पदर ओढून मला खाली बसवलं. अध्यक्ष पाणी प्यायले आणि पुढे बोलत राहिले. निर्लज्ज माणूस!

सभा संपल्यावर सरांच्या बायकोनं, काकूंनी, दाराशी माझा हात धरला. आता बोलणी खावी लागणार असं मला वाटलं.

"ते बॅग भरलेलीच हाये, पोरी," त्या म्हणाल्या. "मले कधी खोलू देल्ली नाही. आतले शर्ट तंग झाले का नवे आणून ठेवत होते."