सुंदरम्मा आणि खताची बादली

सुंदरम्माचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, गिरणीवाला पीठ मारतो, आणि वरच्या मजल्यावरची काशम्मा गोड बोलते म्हणजे तिला काहीतरी हवंय, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलेलं. तेव्हा सून राजेश्वरी भोकं पाडलेली झाकणाची बादली घेऊन आली आणि हसत म्हणाली, "अत्ती, आता ओला कचरा घंटागाडीत नाही द्यायचा, घरीच खत करायचं," तेव्हा सासूबाईंनी कान टवकारले.

"खत? आन् घालायचं कुटं? माझ्या डोक्यावर?"

प्रश्न रास्त होता हो. नवी पेठेमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. अंगण नाही, गच्चीला कुलूप, खिडकीत एक कोरफड आणि तीही मरायला टेकलेली.

"गुरुबसप्पामामा नेतील की शेतात."

"असं! म्हंजी त्यानंच पढवलंय तुला. फुकटचं खत पायजे त्याला." गुरुबसप्पा तिचा सख्खा धाकटा भाऊ. पण सख्खा असला म्हणून काय झालं!

खरं कारण वेगळंच होतं, आणि ते बाईनं पोटात दाबून ठेवलं होतं. सुंदरम्माच्या ज्वारीच्या भाकरीचं नाव होतं. पातळ, कडक, नुसत्या शेंगाचटणीबरोबर पाहुणे चार-चार हाणायचे. पण अलीकडं तिची नजर मंदावली होती. भाकरी करपली ते वास आल्यावरच कळायचं, आणि वास येईस्तोवर तिचा कोळसा झालेला असायचा. असली भाकरी ती पदराखाली लपवून कचऱ्याच्या डब्यात तळाला सरकवायची, आणि सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की गुडघे बोंबलत असले तरी डबा स्वतःच खाली न्यायची. गाडी गेली की पुरावा गेला. हे उघडं पडलं तर परात जाणार, तवा जाणार. मग या घरात आपण कोण? कोपऱ्यात वाती वळत बसणारी म्हातारी? छे!

आणि आता ही बादली. ती घरातच राहणार, रोज कुणीतरी खालवर करणार. वर नियम काय, तर शिजवलेलं अन्न टाकायचं नाही. म्हणजे राजेश्वरी तपासणार! हिला कुणकुण लागलीय, म्हातारीची खात्रीच पटली. तिनं नाना कारणं काढली: उंदीर येतील, अळ्या पडतील, काशम्मा नाक मुरडेल. सून कशालाच बधेना. शेवटी "कर बाई काय करायचं ते," म्हणून तिनं माघार घेतली, पण मनात डाव शिजलाच. भाकरी बारीक कुस्करायची आणि कचऱ्यावर पसरायच्या सुक्या पाल्याखाली गाडायची. एकदा माती झाली की कोण ओळखतंय?

दुसऱ्याच आठवड्यात एक भाकरी करपली. राजेश्वरी शाळेत शिकवायला गेल्यावर सुंदरम्मानं ती कुस्करली, बादली उघडली, वरचा सुका पाला बाजूला केला आणि हात खाली घातला. हाताला भाकरी लागली.

अख्खी! आपण तर अजून टाकलीच नव्हती. खाली आणखी दोन होत्या, एकीचा काठाशी घास तोडलेला. तिनं खिडकीत नेऊन डोळ्यांपाशी धरली, बोटानं मोडली. आतनं कच्ची, पिठूळ. करपू नये म्हणून घाईनं उतरवलेली, तिच्याच हातची, लेकाच्या डब्यात रोज जाणारी. स्वतः ती आमटीत काला करून खायची, म्हणून तिला पत्ताच लागला नव्हता. ती तिथंच फरशीवर बसली.

संध्याकाळी लेक शिवकुमार कापडाच्या दुकानातून आला. डबा ठेवला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "अव्वा, भाकरी झकास होती."

साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या सुंदरम्मानं या एका वाक्यावर कधी घेतला नव्हता. तिनं ताट पुढं सरकवलं. ताटात पाला चिकटलेली ती भाकरी.

"झकास हाय न्हवं? मग खा की!"

शिवकुमारचं तोंड उतरलं. "आधी दुकानापुढच्या गायीला घालत होतो," तो पुटपुटला. "ती यायची बंद झाली, मग बादलीत."

"आन् मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुमच्या हातातनं परात गेली तर तुम्ही अंथरूण धराल, असं वाटलं अत्ती," राजेश्वरी हळूच म्हणाली. "तुम्ही जळक्या लपवता, तेही माहीत होतं आम्हाला."

सुंदरम्माला रडू आलं आणि संतापही आला. अय्यो, केवढी लाज! तिनं पदरानं नाक पुसलं, मग बादली ओढून स्वतःच झाकण लावलं.

"गाडीत गेलं की कुणाचं कुणाला कळत न्हाय. ही ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "आन् उद्यापास्नं तव्याजवळ उभी ऱ्हा. भाकरी भाजली का कच्ची, ते तू सांगायचं. पर खरं सांग, बाई."

"खरंच सांगेन."

सुंदरम्मानं डोळे बारीक करून सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. ही खरं बोलतेय की नाही, ते काही तिला दिसेना.

"बरं," ती म्हणाली.